कोरल डिप: किडे पडतात, अंडी राहतात

कोरल डिप म्हणजे कोरल (प्रवाळ) थोडा वेळ बुडवून त्यावरचे किडे काढायचं औषध. त्यातलं वनस्पती-तेलाच्या अर्कावर चालणारं एक मी गेले कित्येक महिने वापरतोय. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरलांपैकी अक्रोपोरा आणि माँटिपोरा जास्त, थोडे झोअँथिड, दोन-तीन युफिलिया. मत आधीच सांगून टाकतो: बाटली कामाची आहे, घेतल्याचा पश्चात्ताप होत नाही. पण ‘कोरलवरच्या किडींचा नायनाट’ हा दावा अर्धाच खरा आहे. जे हलतं ते मरतं किंवा कोरल सोडून खाली पडतं. अंड्यांना ढिम्म काही होत नाही.

रीत सोपी आहे. टँकमधलंच पाणी तीन भांड्यांत काढायचं. पहिल्यात बाटलीवरच्या मापाने डिप, उरलेली दोन धुवायला. भांडी पांढरी घ्या, रंगीत भांड्यात काय पडलं ते दिसत नाही. पाणी टँकइतकंच, 25-26 अंशांवर राहू द्या. बाटली आधी नीट हलवा, तेल वर येऊन बसतं आणि न हलवता ओतलं तर मापाला अर्थ राहत नाही. मग पाच ते दहा मिनिटं, आणि त्या वेळात हात स्वस्थ ठेवायचे नाहीत. टर्की बास्टरने (रबरी फुग्याची मोठी पिचकारी) फांद्यांच्या बेचक्यांत, खालच्या बाजूला, प्लगच्या (कोरल चिकटवलेली छोटी बैठक) कडेने फवारे मारत राहायचं. नुसतं बुडवून ठेवलं तर डिपचा निम्मा उपयोग वाया जातो. माझ्या मते बाटलीइतकंच श्रेय बास्टरचं आहे.

अक्रोपोरा खाणारा फ्लॅटवर्म, म्हणजे चपटा किडा (प्रोस्थिओस्टोमम अक्रोपोरी), या फवाऱ्याशिवाय दिसतच नाही. अंग जवळजवळ पारदर्शक, आणि पोटात कोरलचाच ऊतक असल्यामुळे रंगही कोरलचाच. फांदीवर तो समोर असतो तरी नजर त्याच्यावरून सरळ पुढे जाते. दिसतात ते त्याच्या चाव्याचे फिकट गोल ठिपके, आणि ‘रंग का उडाला?’ म्हणून आपण लाइट आणि अल्कलिनिटी तपासत बसतो. डिपमध्ये बास्टर मारला की पांढऱ्या तळावर तपकिरी, लंबगोल पापुद्रा पडतो. क्षणभर वाटतं, कोरलचाच तुकडा निघाला. मग त्याची एक कड वळते.

हा क्षण समाधानाचा असतो आणि फसवाही. किडे पडले म्हणजे काम झालं असं वाटतं. तेव्हाच भिंग घेऊन फ्रॅगचं (कोरलच्या तोडून लावलेल्या तुकड्याचं) बूड बघायचं. जिथे ऊतक मेलेला आहे आणि उघडा सांगाडा आहे, तिथे सोनेरी-तपकिरी, टाचणीच्या टोकाहून बारीक अंड्यांची कवचं एकमेकांना खेटून चिकटवलेली असतात. एका कवचात पिल्लं एकाहून जास्त. डिपमधून ही जशीच्या तशी बाहेर येतात. नखाने किंवा ब्लेडने खरवडावी लागतात आणि बेचक्यात एखादं राहतंच. म्हणून माझा नियम: ज्या प्लगवर फ्रॅग आला तो प्लग फेकायचा. बुडाचा उघडा भाग कटरने तोडून टाकायचा आणि वरचा जिवंत भाग जेल ग्लूने नव्या प्लगवर लावायचा. फ्रॅग अर्ध्या इंचाने लहान झाला तरी चालेल.

अंडी फुटायला तापमानाप्रमाणे साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. पाणी गरम असेल तर लवकर. त्यामुळे एकदा डिप करून भागत नाही. आठवड्याला एक, असं सहाएक आठवडे चालवायचं, म्हणजे नवीन पिल्लं अंडी घालण्याइतकी मोठी होण्याआधी सापडतात. त्या काळात कोरल वेगळ्या छोट्या टँकमध्येच. हा किडा अक्रोपोराशिवाय जगत नाही, म्हणून मुख्य टँकमधून सगळा अक्रोपोरा काढता आला तर तिथली पिल्लं उपाशी मरतात. ‘काढता आला तर’ हीच गोम आहे. दगडावर पसरून चिकटलेली जुनी कॉलनी कुठल्या बाटलीत बुडवणार? तिथे फांद्यांची टोकं तोडून वाचवायची आणि बुडखा सोडून द्यायचा, एवढंच हातात राहतं.

कोरल हे सगळं किती सोसतात? अक्रोपोरा चांगलं सोसतो. चिकट स्राव सोडतो, त्या दिवशी पॉलिप (कोरलची बारीक फुलासारखी तोंडं) आत ओढून बसतो, दुसऱ्या दिवशी पूर्ववत. पण दर आठवड्याचा मारा लागला तेव्हा टोकांची वाढ मंदावली आणि रंगही थोडा उतरला, हे सांगायला हवं. युफिलिया जास्त वेळ रुसतो, तरी सावरतो. झेनिया हा मऊ कोरल मी डिपमध्ये घालतच नाही.

माँटिपोरावरच्या पांढऱ्या न्यूडिब्रँकचीही (शंख नसलेली समुद्री गोगलगाय) हीच कथा. शास्त्रीय नाव फेस्टिला सबोडिओसा, जातीचं रीतसर वर्णन झालं 2020 मध्ये. हौशी लोक त्याच्याशी त्याच्या कितीतरी आधीपासून झुंजत होते. दिवसा तो पसरट माँटिपोराच्या खालच्या अंगाला दडतो, अंडीही तिथेच घालतो. मोठे किडे डिपने पडतात, अंडी खरवडायची. झोअँथिडवरच्या न्यूडिब्रँकवरही डिप चालतं. झोअँथिड खाणारी सनडायल गोगलगाय मात्र शंखाचं झाकण लावून आरामात बसते. तिला चिमट्यानेच उचला. व्हर्मेटिड गोगलगायही तशीच, नळीत शिरली की औषधाला दाद देत नाही. आयप्टेशिया या टँकमध्ये तणासारख्या माजणाऱ्या समुद्रफुलासाठी डिप घेऊच नका. आणि त्याला खरवडूही नका, उरलेल्या तुकड्यातून नवा उगवतो.

अक्रोपोरावरचा रेड बग (टेगास्टीस अक्रोपोरानस) जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, पिवळट, अंगावर लाल ठिपका. माझ्या अनुभवात डिपने बरेच पडतात, पण टँकभर पसरलेला रेड बग डिपने संपत नाही. हा कवचधारी प्राणी आहे, म्हणून त्याच्यावर मिल्बेमायसिन ऑक्झिम, म्हणजे कुत्र्यांच्या हृदयकृमीसाठी दिलं जाणारं औषध, लागू पडतं. ते पशुवैद्यामार्फतच मिळवायचं, आणि टँकमधले कोळंबी-खेकडे आधी बाहेर काढायचे, नाहीतर तेही जातील.

खेकड्यांवरून आठवलं. पॉसिलोपोरा या फांद्यांच्या कोरलात राहणारा ट्रापेझिया हा छोटा खेकडा कोरलचा राखणदार आहे. समुद्रात तो क्राउन-ऑफ-थॉर्न्स या कोरल खाणाऱ्या तारामाशालासुद्धा चिमटे काढून हुसकावतो. डिप त्याच्यात आणि किड्यात फरक करत नाही. नवीन पॉसिलोपोरा आला की मी आधी साध्या पाण्यात, पातळ काडीने त्याला फांद्यांतून बाहेर काढतो. फार चिवट असतो, पाच मिनिटांच्या डिपसाठी अर्धा तास जातो.

इतर डिपशी तुलना करायची तर आयोडीनचं मी फ्रॅग कापल्यावर जखमेसाठी वापरतो. फ्लॅटवर्मवर त्याचा फारसा भरवसा नाही. पोटॅशियम क्लोराइडने किडे सुटून पडतात, पण पुष्कळदा जिवंत पडतात, त्यामुळे धुण्यात हयगय चालत नाही. बागेचं कीटकनाशक वापरणारेही आहेत. लागू पडतं, पण कोळंबी-खेकड्यांच्या टँकमध्ये त्याचा थेंबही जाऊ नये, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

तक्रारी दोन. वास उग्र आहे, हाताला दिवसभर राहतो, हातमोजे घाला. आणि धुताना कसूर झाली, थोडंसं जरी टँकमध्ये गेलं, तरी स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) वेड्यासारखा फेसाळतो, कप भरून वाहायला लागतो. डिपचं पाणी अर्थातच टँकमध्ये परत ओतायचं नाही. मी आता दुसऱ्यांदा धुतल्यावरही फ्रॅग थोडा वेळ पाण्यात हलवून घेतो आणि त्या दिवशी स्किमरचा कप जरा वर चढवून ठेवतो.