पहिलीचा वर्ग: आधी गिरवणे की आधी खेळ?

अक्षरे आणि अंक गिरवून घेण्याची पद्धत शिक्षकाला सोयीची असते, कारण वर्ग शांत राहतो आणि भरलेली वही पालकांना दाखवता येते. हस्ताक्षराला वळण लावण्यासाठी ती लागतेही.

खेळात मात्र मुलाला काय समजले हे तत्काळ दिसते. दहा काड्यांची जुडी बांधून शेजारी तीन सुट्या काड्या ठेवणाऱ्या मुलाला तेरामधले दशक आणि एकक हातांनी कळते. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्याला ते कळले आहे की नाही, याचा वहीवरून पत्ता लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पहिलीच्या आरंभी तीन महिन्यांचा खेळाधारित ‘विद्याप्रवेश’ कार्यक्रम आला, तो याच कारणाने मला मोलाचा वाटतो. साहित्य महाग पडते, ही सबब टिकत नाही: बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाड्यांत परिसरातल्याच वस्तू वापरल्या होत्या.

खरी अडचण शिक्षकाच्या पूर्वतयारीची आहे, कारण हेतू न ठरवता दिलेला खेळ केवळ वेळ घालवतो. तरीही पहिल्या सत्रात खेळालाच अग्रक्रम द्यावा आणि गिरवणे बोटे सरावल्यावर, रोज थोडा वेळ, सुरू करावे.