रोबो वेल्डिंगचं सेटिंग: व्होल्टेज मशीननं ठरवायचं की सेटरनं?

रोबो आला, फिक्स्चर बसलं, पॉइंट शिकवून झाले, की पेंडंटवर (रोबो चालवायच्या, हातात धरायच्या पॅनेलवर) पहिलाच निर्णय हा घ्यावा लागतो. सिनर्जिक ठेवलं तर आपण फक्त अँपिअर सांगतो आणि त्याला जुळणारं व्होल्टेज मशीन स्वतःच्या तक्त्यातून उचलतं. व्होल्टेज वेगळं ठेवलं तर दोन्ही आकडे आपले. यास्कावा कंपनीच्या रोबोच्या प्रोग्रॅममध्ये हा फरक एका अक्षराचा आहे. आर्क सुरू करायच्या ओळीत एव्ही लिहिलं तर पुढचा आकडा थेट व्होल्ट. एव्हीपी लिहिलं तर टक्के, आणि १०० टक्के म्हणजे तक्ता सांगेल ते. चाकण-भोसरीच्या किंवा वाळूजच्या शॉपमध्ये गेलात तर दोन्ही पद्धती सापडतील, आणि प्रत्येक सेटर आपलीच बरोबर म्हणून सांगेल.

या निवडीनं काय बदलत नाही, ते आधी पाहू. वादातला निम्मा गोंधळ तिथलाच असतो. मिगमध्ये, म्हणजे सतत पुढं येणाऱ्या वायरनं होणाऱ्या वेल्डिंगमध्ये, अँपिअरचा आकडा खरं तर वायरचा वेग ठरवतो. ३ मिमी पत्र्याचा फिलेट (कोनात मिळणाऱ्या दोन पत्र्यांमधला तिकोनी जोड) घ्या: १.२ मिमीची वायर, ८०/२० मिक्स गॅस (८० टक्के आर्गॉन, २० टक्के सीओटू), १७० अँपिअर. वायर मिनिटाला साडेचार मीटरच्या आसपास जाते. तिच्या छेदाचं क्षेत्रफळ १.१३ चौरस मिमी, म्हणजे मिनिटाला साधारण ५,०९० घन मिमी धातू. टॉर्च मिनिटाला ६० सेंमी चालत असेल, तर सीमच्या (जोडाच्या रेषेच्या) प्रत्येक मिलिमीटरवर साडेआठ घन मिमी धातू पडतो आणि फिलेटचा पाय (तिकोनाची बाजू) सुमारे ४ मिमी येतो. टॉर्चचा वेग ७५ सेंमी केला की तोच पाय ३.७ मिमीवर उतरतो. यात व्होल्टेज कुठंच आलं नाही. किती धातू पडणार हे वायर आणि वेग ठरवतात. व्होल्टेज आर्कची लांबी आणि बीडचा (पडलेल्या धातूच्या पट्टीचा) आकार ठरवतं. फिलेट बारीक येतोय म्हणून व्होल्टेज वाढवणाऱ्याला बीड रुंद आणि चपटा मिळेल, वर कडेला अंडरकट, म्हणजे खाच. धातू तेवढाच राहील.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की बीडचा आकार कोणाच्या हाती द्यायचा.

सिनर्जिकची बाजू रोज जॉब बदलणाऱ्या शॉपमध्ये भक्कम आहे. सकाळी २ मिमीचा ब्रॅकेट, दुपारी ५ मिमीची क्रॉस मेंबर. एकाच सीमवर कोपऱ्यात होल पडतो म्हणून तेवढ्यापुरते १७० चे १३० अँपिअर केले, तर व्होल्टेज आपोआप खाली येतं. वेगळ्या पद्धतीत नेमकी इथंच चूक होते. ऑपरेटर अँपिअर कमी करतो, व्होल्ट २० वरच राहतात, आर्क लांबतो आणि पातळ पत्र्याची कड खाल्ली जाते. उलट अँपिअर २१० केले आणि व्होल्ट तेच ठेवले, तर वायर जॉबला टोचते, टॉर्च थडथडते, स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) नोझलमध्ये साचतो. नव्या सेटरला या दोन्ही चुकांपासून सिनर्जिक वाचवतं, आणि माझ्या मते नवशिक्याच्या हाती तेच द्यावं.

पण तक्ता आंधळा असतो. त्याला वायरचा व्यास, धातू आणि गॅस आपण निवडून दिलेले असतात. प्रत्यक्षात काय जोडलंय हे त्याला कळत नाही. रात्रपाळीत मिक्स गॅस संपला आणि कोणी शुद्ध सीओटूचा सिलेंडर लावला, तरी मशीन मिक्सचंच व्होल्टेज देत राहतं. शॉर्ट आर्कसाठी (वायर जॉबला टेकत टेकत वितळते त्या पद्धतीसाठी) सीओटूचा ढोबळ हिशेब असा: अँपिअर गुणिले ०.०४, अधिक १६. १७० अँपिअरला २२.८ व्होल्ट येतात. मिक्स गॅसला त्याहून दोन-तीन व्होल्ट कमी लागतात. एवढी तफावत पडली की सकाळच्या पाळीला स्पॅटरनं भरलेले जॉब दिसतात आणि दोष रोबोवर जातो. केबल लांब असेल तर व्होल्ट-दोन व्होल्ट वाटेतच जातात. व्होल्टेज मोजणारी सेन्सिंगची तार जॉबपर्यंत नेली नसेल तर मशीनला त्याचाही पत्ता लागत नाही.

व्होल्टेज वेगळं ठेवण्याची ताकद ठरलेल्या जॉबमध्ये दिसते. एकच पार्ट महिनोन्‌महिने हजारोंनी चालणार, कापून-घासून पेनिट्रेशन (वेल्ड किती आत गेलं ते) तपासलेलं, ग्राहकानं वेल्डिंग प्रोसिजर मंजूर केलेली. त्या कागदावर व्होल्ट लिहिलेले असतात, टक्के नव्हे. ऑडिटर पेंडंट मागतो तेव्हा ‘९६ टक्के’ दाखवून त्याचं समाधान होत नाही. प्रेस पार्टमध्ये नेहमी अर्धा-पाऊण मिमी गॅप येत असेल, तरी अनुभवी सेटर व्होल्ट थोडे खाली धरून गॅप भरून काढतो. सिनर्जिकमध्येही टक्के कमी करून ते जमतं, पण पुढं अँपिअर बदलले की ती तडजोडही सरकते.

स्टिकआउटकडे (टॉर्चच्या टिपपासून जॉबपर्यंतच्या अंतराकडे) मात्र दोन्ही पद्धतींत सारखंच लक्ष हवं. ते १५ मिमी धरून सेटिंग केलं आणि टॉर्च कुठं धडकून ते २० झालं, तर वायरचा वेग तोच राहतो, पण मीटरवरचे अँपिअर घसरतात. बीड वरून छान दिसतो आणि आत पेनिट्रेशन गेलेलं असतं. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला त्याची सर्वांत जास्त भीती वाटते. पाळी सुरू होताना टूल सेंटर पॉइंट (रोबोच्या हिशेबात वायरचं टोक जिथं असायला हवं तो बिंदू) तपासा, टिप वेळेवर बदला.

पल्स मिग (करंट ठोक्याठोक्यानं देणारं मिग) घेणार असाल तर हा निर्णय उरत नाही. पल्सचा शिखर-करंट, पायाचा करंट, वारंवारता हे सगळं हातानं जुळवत बसणं शॉपमध्ये शक्य नाही. तिथं सिनर्जिकच, आणि आपण फक्त आर्कची लांबी कमी-जास्त करायची.

माझी पद्धत दोन्हींमधून जाते. जॉब नवा असताना सिनर्जिक १०० टक्क्यांवर सुरू करतो, गॅस मिनिटाला १५ लिटर. आवाज एकसारखा येईपर्यंत टक्के दोन-दोननं हलवतो. मग वेल्डिंग चालू असताना मीटरवर दिसणारे व्होल्ट आणि अँपिअर टिपून घेतो आणि तुकडा कापायला पाठवतो. तो पास झाला आणि जॉब लांब पल्ल्याचा असला, तरच ते व्होल्ट प्रोग्रॅममध्ये पक्के करतो. छोट्या बॅचचे जॉब टक्क्यांवरच राहू देतो.

मशीन अजून घ्यायचं असेल, तर डेमोला आपला पत्रा, आपली वायर आणि आपण रोज वापरतो तोच गॅस घेऊन जा. आधी सिनर्जिक १०० टक्क्यांवर एक सीम मारायला सांगा. मग १७० चे २१० अँपिअर करून, बाकी काहीही न हलवता, दुसरा. दोन्ही तुकडे तिथंच कापून मागा.