दांडिया बाजारातला रुबीचा रविवारचा क्लास, सिम्बॉल एकदाचा कळला

नोकरी सांभाळून रुबी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांसाठी लिहितेय, क्लास बडोद्यातला. ऑफिसात एपीआयवरून (दुसऱ्या प्रोग्रामकडून डेटा मागवायची सोय) आलेल्या जेसनमधून (डेटा पाठवायचा मजकुराचा साचा) ग्राहकाचं नाव काढायचं होतं, मी कोलन लावून :नाव, म्हणजे सिम्बॉल, मागत होते आणि दोन दिवस नुसतं निल, म्हणजे काहीच नाही, डेटा तर समोर दिसतोय! आधी केलेल्या एका क्लासात "सिम्बॉल म्हणजे फास्ट स्ट्रिंग" (स्ट्रिंग म्हणजे अवतरणातला मजकूर) एवढं सांगून पुढे गेले होते, तेच डोक्यात बसलेलं.

इथे सरांनी आधी ऑब्जेक्ट आयडी, म्हणजे रुबीतल्या प्रत्येक वस्तूचा ओळख नंबर, काढायला लावला. "नाव" ही स्ट्रिंग दोनदा लिहिली तर दोन वेगळे नंबर (फाइलच्या वर फ्रोझन, म्हणजे न बदलणाऱ्या, स्ट्रिंगची कमेंट नसेल तर), :नाव दहादा लिहा, नंबर तोच. मग म्हणाले, न्यायमंदिर म्हटलं की अख्ख्या बडोद्यात इमारत एकच ना, तो सिम्बॉल, आणि चिठ्ठ्यांवर न्यायमंदिर लिहिलंत तर प्रत्येक चिठ्ठी वेगळी, तिच्यावर पुढे अजून काही लिहिता येतं, खोडता येतं, ती स्ट्रिंग. मला तिथेच लख्ख दिसलं, माझ्या हॅशमध्ये (की आणि तिच्यासमोरचा डेटा अशा जोड्यांचा संच) की होती "नाव" आणि मी मागत होते :नाव, रुबीच्या दृष्टीने या दोन कीजचा एकमेकींशी काही संबंधच नाही. जेसन पार्स केलं, म्हणजे वाचून हॅश बनवला, की कीज स्ट्रिंगच येतात, सिम्बॉल हवे तर सिम्बॉलाइझ नेम्स ट्रू द्यायचं. रेल्सच्या (रुबीवरचं वेबसाइट बनवायचं साधन) पॅराम्समध्ये, म्हणजे ब्राउझरकडून आलेल्या माहितीत, दोन्ही चालतं, त्यानेच मला चुकीची सवय लावली होती.

अजून एक आवडलं, सर जुनी कारणं पण सांगतात. डिसेंबर २०१४ मध्ये रुबी २.२ आलं, त्याच्या आधी एकदा बनलेला सिम्बॉल प्रोग्राम बंद होईपर्यंत मेमरीत तसाच राहायचा, म्हणून युजरने टाईप केलेल्या मजकुरावर टू-सिम (स्ट्रिंगचा सिम्बॉल करणारी आज्ञा) चालवलं की मेमरी भरत जायची. २.२ पासून असे सिम्बॉल गार्बेज कलेक्ट होतात, म्हणजे वापरात नसले की मेमरीतून आपोआप काढले जातात.

तक्रार एकच, फ्रोझन स्ट्रिंग शेवटच्या वीस मिनिटांत उरकलं, त्याला पूर्ण एक रविवार द्यायला हवा होता.

सर आमच्याशी मराठीत आणि बाकीच्यांशी गुजरातीत बोलतात, शंका विचारायला अजिबात भीती वाटत नाही. फी दोन हप्त्यांत दिली तरी चालते. लॅपटॉपवर रुबी घरूनच टाकून जा, आणि हॅशचा रविवार चुकवू नका, रेकॉर्डिंग मिळत नाही.