राणी ॲनचं पिस्तूल घ्यावं की ‘टॉवर’चं?

इंग्लंडमध्ये राहून जुनी चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारी, म्हणजे फ्लिंटलॉक) पिस्तुलं जमवायची, तर पहिलं कोणतं घ्यायचं? द्वंद्वाच्या जोड्या आधीच बाजूला ठेवू. लंडनच्या वॉग्डन किंवा मँटन बंधू या बंदूककारांची जोडी मूळ पेटीत, गोळ्यांच्या साच्यासकट मिळाली, तर भाव हजारो पौंडांत जातो. 1804 साली अमेरिकेतले राजकारणी हॅमिल्टन आणि बर द्वंद्वासाठी एकमेकांसमोर उभे राहिले ते वॉग्डन आणि बार्टनची पिस्तुलं घेऊन, तेव्हा त्या नावाचेही पैसे मोजावे लागतात. पहिल्या खरेदीला हा खेळ नको.

उरतात दोन वाटा: हौशी गिऱ्हाइकांसाठी घडवलेलं ‘क्वीन ॲन’ किंवा लष्करासाठी बनलेलं, टॉवर ऑफ लंडनच्या नावाचा ठसा असलेलं ‘टॉवर’.

क्वीन ॲनमध्ये मजा आहे ती नळीची. ती आट्यांवर बसवलेली असते. किल्ली लावून नळी फिरवून काढायची, मागच्या पोकळीत दारू भरायची, वर गोळी ठेवायची आणि नळी परत आवळायची. गोळी नळीच्या पोकळीपेक्षा किंचित मोठी. बार उडाला की ती घासत, दबत बाहेर पडते, वायू बाजूने निसटत नाही, म्हणून मारा जोरदार आणि नेमका. गज (नळीत गोळी ठासायची काडी) लागतच नाही, त्यामुळे नळीखाली लाकूडही नाही. याच जातीच्या, आतून खाचा पाडलेल्या जुन्या पिस्तुलाने राजा पहिल्या चार्ल्सचा भाचा प्रिन्स रूपर्ट याने 1642 मध्ये स्टॅफर्डच्या चर्चवरचा वातकुक्कुट टिपला. राजा म्हणाला, नशीब. तर त्याने दुसरी गोळीही तिथेच मारली, असं सांगतात. खरंखोटं रूपर्ट जाणे.

दस्त्याच्या टोकाला बहुधा चांदीचा वेडावाकडा मुखवटा असतो. त्यावर शुद्धतेचे ठसे असतील तर वर्षाच्या अक्षरावरून साल कळतं. ते बघाच. इंग्लंडची राणी ॲन 1714 मध्ये वारली, पण तिच्या नावाची पिस्तुलं पुढे अनेक दशकं बनत राहिली. ‘राणीच्या काळातलं’ म्हणून कोणी जादा पैसे मागितले, तर त्या ठशाकडे बोट दाखवायचं.

टॉवरचं पिस्तूल दिसायला राकट. चापाच्या यंत्रणेच्या पट्टीवर मुकुट, ‘जीआर’ (राजा जॉर्जची आद्याक्षरं) आणि ‘टॉवर’ ही अक्षरं; सरकारी मालाचा बाणही सापडतो. आरमारी पिस्तुलाला कमरपट्ट्यात अडकवायला लांब पोलादी आकडा असतो आणि दस्त्याला जड पितळी टोपी. गोळी उडून गेल्यावर तेच डोक्यात घालायला बरं. पुढे घोडदळाच्या पिस्तुलाचा गज बिजागरीने नळीला जोडला गेला, म्हणजे दौडताना हातातून सुटला तरी पडत नाही. या घराण्यातलं ईस्ट इंडिया कंपनीचं पिस्तूल मराठी माणसाला खुणावतं. त्यावर आधी हृदयाच्या आकाराची व्यापारी खूण असे. 1808 च्या सुमारास पंजात मुकुट धरलेला सिंह आला. 1817-18 च्या लढाईचं आपल्याला वेगळं सांगायला नको. फक्त विक्रेत्याने ‘खडकीच्या लढाईतलं’ म्हटलं तर पुरावा मागा. सिंहामुळे पिस्तूल कंपनीचं ठरतं, खडकीचं ठरत नाही.

नकलांचा धोका टॉवरमध्ये जास्त. खैबर भागातले कारागीर इंग्रजी ठसे उठवत आले आहेत, कधी अक्षरंही उलटी. शिवाय भारतात शोभेसाठी बनलेला मालही फिरतो.

दोन्हींत सारखाच असलेला खरा सापळा वेगळा. 1830 नंतर कित्येक पिस्तुलं गारगोटीऐवजी छोटी स्फोटक टोपी फोडून बार उडवण्याच्या पद्धतीवर बदलली गेली, आणि पुढे संग्राहकांसाठी पुन्हा चकमकीची केली गेली. किंमत इथे कोसळते. यंत्रणा सोडवून दाखवायला सांगा. नळीवर गंजाचे खड्डे आणि रंजकाची (ठिणगीने पेटणाऱ्या दारूची) वाटी मात्र गुळगुळीत. रंजकाच्या छिद्राभोवती नव्या धातूची गोल कडी. घोड्यावरचं (गारगोटी धरणाऱ्या खटक्यावरचं) कोरीवकाम आणि पट्टीवरचं कोरीवकाम वेगळ्या हातांचं. यातलं एक जरी दिसलं तरी भाव पाडा किंवा उठा.

माझं मत विचाराल तर, पैसा बेताचा असेल तर डागाळलेलं पण न छेडलेलं टॉवर घ्या. क्वीन ॲन अधिक देखणं, पण चांदी बदललेलं किंवा घोडा नवा बसवलेलं स्वस्तात मिळतं तेच नको. दोन्ही परवडत नसतील तर अठराव्या शतकाच्या शेवटच्या काळातलं, घोडा मधोमध असलेलं खिशातलं छोटं पिस्तूल बघा. काहीशे पौंडांत बरं मिळू शकतं. आधी लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये फुकटात डोळे तयार करून या.

कायद्याचं म्हणाल तर, ब्रिटनमध्ये शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून असं पिस्तूल ठेवायला परवाना लागत नाही. बार उडवायचा असेल तर लागतो. गावी न्यायचा विचार असेल तर मात्र थांबा. भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यातली जुन्या शस्त्रांची सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्यांपुरती आहे. चांगल्या स्थितीतलं पिस्तूल नेमकं त्या सवलतीत बसत नाही. शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू एकदा भारतात गेली की 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती परत बाहेर काढणं जवळपास अशक्य.