नर्सची धरलेली कंबर: कांपालचा तलाव की कळंगुटचा समुद्र?

रुग्णाला खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना कंबर धरते, हे आम्हा नर्सना नवं नाही. अशा वेळी मी आधी पणजीतल्या कांपालचा जलतरण तलावच सुचवेन. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा भार साधारण निम्म्यावर येतो. कठडा धरून चालता येतं, दुखलं की लगेच थांबता येतं. खांदाही दुखत असेल तर हात न मारता नुसते पाय मारा, आणि फिजिओला विचारूनच उतरा.

कळंगुटला लाट कधी हिसका देईल सांगता येत नाही. पावसाळ्यात तर समुद्रात उतरूच नये. पण दुखणं सरलंय आणि रात्रपाळीत गेलेला रुग्ण मनातून जात नाहीये, तेव्हा मला समुद्रच हवा. उताणं तरंगताना कान पाण्याखाली गेले की मॉनिटरचा बीप डोक्यातून उतरतो. मात्र जीवरक्षक ड्यूटीवर असतानाच, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात.