ग्राफ आकृत्यांचा कॉम्पोनंट: आत मर्मेड, ग्राफव्हिझ की सायटोस्केप?

साइटवर प्रक्रियांच्या आकृत्या वरचेवर लागत असतील, तर स्वतःचा एक टॅग, म्हणजे वेब कॉम्पोनंट, एकदाच बनवून ठेवावा आणि हवा तिथे वापरावा. त्याच्या आत आकृती काढणारं इंजिन कोणतं बसवायचं, यावर मात्र नीट विचार करा: मर्मेड आणि ग्राफव्हिझ लिहिलेल्या मजकुरावरून आकृती काढतात, सायटोस्केप ही हाताळता येणाऱ्या आकृत्यांची जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे. मजकूर मराठी असेल तर मी मर्मेडच सुचवेन.

कारण आहे मोजमाप. समजा, आकृतीत ‘अर्ज’, ‘छाननी’ आणि ‘ज्येष्ठता यादी’ असे तीन नोड, म्हणजे रेषांनी जोडलेल्या चौकटी, आहेत. मर्मेड प्रत्येक लेबल आधी ब्राउझरमध्येच लिहून बघतं, त्याची रुंदी मोजतं आणि मग चौकट आखतं. ग्राफव्हिझचं ब्राउझरमध्ये चालणारं रूप (वेबअसेम्ब्ली, म्हणजे ब्राउझरसाठी कंपाइल केलेला कोड) फॉन्टला विचारतच नाही. त्याच्याजवळ मोजक्या फॉन्टमधल्या लॅटिन अक्षरांची मापं असतात, त्यावरून ते अंदाज बांधतं. ‘ज्ये’ आणि ‘ष्ठ’ त्या हिशेबात बसत नाहीत, म्हणून चौकट आणि मजकूर यांचा मेळ चुकतो.

तरीही नोड शंभराच्या पुढे गेले की मला ग्राफव्हिझची आठवण येते. बेल लॅब्समध्ये तयार झालेलं त्याचं डॉट इंजिन नोडचे थर लावतं आणि रेषा एकमेकींना कमीत कमी छेदतील असं बघतं. मर्मेडची नेहमीची मांडणी तिथे गुंता करते. अशा वेळी ग्राफव्हिझ सर्व्हरवर पँगोसह (ही खऱ्या फॉन्टवरून मजकूर मांडणारी लायब्ररी) चालवा, देवनागरी फॉन्ट तिथे बसवा आणि तयार एसव्हीजी चित्र पानावर द्या. वाचकाच्या ब्राउझरलाही तोच फॉन्ट मिळायला हवा.

मर्मेड घेतलंत तर काही खाचखळगे आधीच माहीत असू द्या. ते आपणहून शॅडो डॉममध्ये, म्हणजे कॉम्पोनंटच्या पानापासून वेगळ्या ठेवलेल्या आतल्या भागात, शिरून आकृत्या शोधत नाही. रेंडर फंक्शन तुम्हालाच बोलवावं लागतं आणि १० व्या आवृत्तीपासून ते प्रॉमिस परत करतं, म्हणजे उत्तराची वाट पाहावी लागते. टॅगमधला मजकूर इनर-एचटीएमएलने वाचू नका, टेक्स्ट-कंटेंटने वाचा. नाहीतर --> या बाणाचं टोक > असं एस्केप होऊन येतं आणि मजकूर वाचणारा मर्मेडचा पार्सर अडतो. फॉन्ट उतरण्याआधी आकृती काढली, तर शेवटची अक्षरं कापली जातात. म्हणून आधी फॉन्ट तयार होण्याची वाट पाहा. मोजमापाची जागाच पानावरच्या लपलेल्या टॅबमध्ये असेल, तर रुंदी शून्यच मिळते. शॅडो डॉमच्या आत लिहिलेला फॉन्ट-फेस (फॉन्ट उतरवून घेणारा सीएसएस नियम) चालत नाही, तो मुख्य पानावर लिहावा लागतो. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

सायटोस्केपची गोष्ट निराळी. टोरांटो विद्यापीठात तयार झालेली ही लायब्ररी नोड ओढायला, क्लिक करायला, सर्वांत जवळचा मार्ग शोधायला उत्तम. नाती तपासत बसायची असतील तर तीच घ्या. पण ती कॅनव्हासवर, म्हणजे नुसत्या पिक्सेलांच्या चित्रासारखी, रंगवते, त्यामुळे लेबलचा मजकूर निवडता येत नाही आणि दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला काहीच दिसत नाही. ती वापरलीत तर कोणता नोड कोणाला जोडलेला आहे, याची साधी यादी आकृतीखाली कॉम्पोनंटनेच लिहून द्यावी.