जमीन घेण्याआधी मोजणी आणि टायटल सर्च (मालकीच्या जुन्या कागदपत्रांची तपासणी) करून घेतलं, पैसे वसूल

भोर तालुक्यात एक एकर घ्यायचं ठरलं, सातबारा एकदम क्लीन, मालक पण म्हणत होते की कुंपण आहे ना मग मोजणी कशाला. पण माझे सासरे अडून बसले, हद्द कायम मोजणी (सरकारी मोजणी करून जमिनीच्या हद्दी पक्क्या करणं) झाल्याशिवाय इसार नाही द्यायचा म्हणून. मग मालकांनीच ऑनलाईन अर्ज टाकला, लगतच्या गटवाल्यांना नोटिसा गेल्या, तारीख यायला बराच वेळ लागला (यासाठी एक स्टार कमी).

मोजणीला सरकारी भूकरमापक आले ते रोव्हर घेऊन, सॅटेलाईटवरून पॉइंट घेतात ते. साखळी ओढत बसायची भानगड नाही, काम फटाफट झालं. आणि निघालं काय, तर पूर्वेकडचं कुंपण शेजारच्या गटात 3 गुंठे आत! म्हणजे 3267 स्क्वेअर फूट, जी आपली कधी झालीच नसती तिचे पैसे आम्ही मोजणार होतो. क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात आल्यावर भाव परत ठरवला.

टायटलचं काम वकील मॅडमनी केलं, 30 वर्षांचा सर्च, जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) सगळे काढले, त्यात वारसांमध्ये एका बहिणीचं नाव राहिलेलं सापडलं, तिला खरेदीखतात संमती देणारी पक्षकार म्हणून घेतलं. मॅडमनी नीट समजावलं की सातबारा हा महसुली रेकॉर्ड आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही, त्यामुळं नुसत्या त्याच्यावर जाऊ नका. फी जरा जास्त वाटली पण काम एक नंबर.